आयात परवान्याचे नियम जगाला नीट कसे कळवावेत

काही ठरावीक मालाच्या आयातीवर परवाना लावायची मुभा प्रत्येक देशाला आहे. पण परवाना लावला की तो कोणत्या मालावर, कधीपासून, कशासाठी आणि अर्ज कोणाकडे करायचा, हे इतर देशांना कळवायची जबाबदारीही त्याच देशाने पत्करलेली आहे. जागतिक व्यापार संघटनेचा, म्हणजे डब्ल्यूटीओचा, आयात परवाना कार्यपद्धतीविषयीचा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे आणि भारत पहिल्या दिवसापासून त्यात आहे. करार अवघ्या आठ कलमांचा, एका बैठकीत वाचून होणारा. तरीही जिनिव्हाला, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुख्यालयात, पोहोचणारी माहिती अनेकदा उशिरा जाते, अर्धवट जाते किंवा गेल्या वर्षीचीच पुन्हा पाठवली जाते. काही देशांकडून तर ती जातच नाही.

गोव्यात बसून याची काळजी का करायची? कारण या माहितीच्या दोन्ही टोकांना आपली माणसं आहेत. काजू कारखानदार आफ्रिकेतून कच्चे काजू मागवतो, वेर्ण्याच्या औषध कंपनीला परदेशी कच्चा माल लागतो, मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. हे सगळे भारताच्या नियमांखाली येतात. उलट वेर्ण्याहून औषधं किंवा आपल्या किनाऱ्यावरची मासळी परदेशी निघते, तेव्हा आपलाच निर्यातदार दुसऱ्या देशाचा नियम शोधत बसतो. त्या देशाने जिनिव्हाला नीट कळवलं असेल तर त्याचं काम अर्ध्या तासात होतं. नसेल तर माल पलीकडच्या बंदरात अडकतो आणि शीतगृहाचं भाडं चढत राहतं.

हा लेख अशी माहिती तयार करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे, तसाच ती वाचून चुका दाखवू शकणाऱ्या व्यापारी संघटनेसाठी, कस्टम्सचे कागद हाताळून माल सोडवणाऱ्या कस्टम्स ब्रोकरसाठी आणि वाणिज्य वा कायद्याच्या विद्यार्थ्यासाठीही. माझं म्हणणं एकच आहे: जिनिव्हाला जाणारा कागद नियमाच्या मसुद्याबरोबर, त्याच दिवशी, त्याच टेबलावर तयार झाला पाहिजे. बहुतेक दोषांचं मूळ तो नंतर, दुसऱ्या कोणीतरी, जुन्या फायलीवरून लिहिण्यात आहे. खाली देशातल्या राजपत्रातल्या आदेशाला ‘अधिसूचना’ आणि डब्ल्यूटीओला पाठवायच्या कागदाला ‘निवेदन’ म्हटलं आहे, म्हणजे घोळ होणार नाही.

आधी ठरवा: हा परवाना आहे का?

कराराच्या पहिल्या कलमात कसोटी दिली आहे. माल आणण्यापूर्वीची अट म्हणून, कस्टम्सच्या नेहमीच्या कागदांखेरीज दुसरा एखादा अर्ज वा कागद एखाद्या कार्यालयाला द्यावा लागत असेल, तर ती परवाना कार्यपद्धती. तिला देशात काय म्हणतात याला महत्त्व नाही. नोंदणी, ना-हरकत, घोषणापत्र, मॉनिटरिंग सिस्टीम, काहीही म्हणा.

हे हलक्यात घेण्यासारखं नाही. अर्जेंटिनाने आयातदारांकडून एक आगाऊ ‘शपथेवरची घोषणा’ घ्यायला सुरुवात केली होती. अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान तक्रार घेऊन गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये डब्ल्यूटीओच्या अपील मंडळाने ती घोषणा म्हणजे आयातीवरचा निर्बंधच आहे, हे आधी तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलचं म्हणणं कायम ठेवलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पोलादाच्या आयातीसाठी १ नोव्हेंबर २०१९ पासून ‘सिम्स’ (स्टील इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टीम) ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. पुढे कोळसा, तांबे-ॲल्युमिनियम, इलेक्ट्रॉनिक चिप्स आणि कागद यांच्यासाठीही तशाच व्यवस्था आल्या. आयातदार माहिती भरतो, शुल्क भरतो, त्याला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सला द्यायच्या कागदात, टाकावा लागतो. कोणाचा अर्ज नाकारायचा हेतू नसला, तरी माझ्या वाचनाप्रमाणे ही व्यवस्था कसोटीत बसते. शंका असली तर कळवावं. न कळवल्याचा ठपका येण्यापेक्षा जास्त कळवलेलं केव्हाही बरं.

यादी जमवा, आणि ती फक्त वाणिज्य मंत्रालयाची नको

भारतात आयात धोरण म्हटलं की डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, डोळ्यांपुढे येतं. १९९२ च्या विदेश व्यापार (विकास आणि विनियमन) कायद्याखाली आयात धोरणाच्या अधिसूचना तिथून निघतात आणि मालाची ‘फ्री’ (मुक्त), ‘रिस्ट्रिक्टेड’ (परवाना लागणारा), ‘प्रोहिबिटेड’ (बंदी असलेला) आणि सरकारी व्यापारी संस्थांमार्फत आणायचा माल अशी विभागणीही तिथेच ठरते. पण परवाने आणखी बऱ्याच दारांतून निघतात. औषध आणायचं तर औषध नियंत्रकाचा फॉर्म ४१ (नोंदणी) आणि फॉर्म १० (आयात परवाना). स्फोटकांसाठी नागपूरची पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. अमली द्रव्यांसाठी ग्वाल्हेरचे नार्कोटिक्स आयुक्त. बियाणं, रोपं, लाकूड यांसाठी २००३ च्या प्लांट क्वारंटाईन (वनस्पतींमधून रोग-किडी येऊ नयेत यासाठीच्या) आदेशाखालचा इम्पोर्ट परमिट. प्राणिजन्य मालासाठी पशुसंवर्धन खात्याचा सॅनिटरी परमिट.

प्रत्येक देशात असंच असतं आणि निवेदनातल्या गाळलेल्या जागा बहुधा इथेच सापडतात. वाणिज्य खात्याच्या माणसाला आरोग्य खात्याने गेल्या महिन्यात काय बदललं ते ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक खात्यात एक जबाबदार व्यक्ती नेमा, तिच्याकडून दर तिमाहीला ‘बदल नाही’ असं का होईना, पण लेखी उत्तर घ्या. त्या खात्यांच्या बैठका घेऊन फार काही साधत नाही. वर्षभर चालू राहणारी एक सामाईक तक्त्याची फाईल जास्त कामाची.

मालाचं नाव लिहू नका, कोड लिहा

या पायरीवर थोडं रेंगाळू या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

समजा, एखाद्या देशाने निवेदनात लिहिलं, ‘गोठवलेली मासळी: परवाना आवश्यक’. गोव्यातला निर्यातदार हे वाचून काय समजेल? मालाला कोड देण्याच्या आंतरराष्ट्रीय एचएस पद्धतीत गोठवलेला अख्खा मासा ०३०३ खाली येतो. त्याच माशाची फिले ०३०४ मध्ये जाते. कोळंबी ०३०६ मध्ये, तर माणकी आणि म्हाकूल ०३०७ मध्ये. आपल्याकडच्या एकाच कंटेनरमध्ये हे सगळं असू शकतं. परवाना फक्त ०३०३ ला असेल, तर कोळंबीवाला उगाच अर्ज करून महिना घालवणार. चारही शीर्षकांना असेल आणि कोळंबीवाल्याला ते कळलंच नसेल, तर त्याचा माल तिथल्या बंदरात पडून राहणार. चार आकडे लिहिले असते तर दोघंही वाचले असते.

म्हणून नियम असा ठेवा: पहिले सहा आकडे आंतरराष्ट्रीय असतात, ते द्यायचेच. देशाची स्वतःची आठ किंवा दहा आकड्यांची विभागणी असेल तर तीही द्यायची. एखाद्या कोडमधला काहीच माल परवान्याखाली असेल तर ‘यातील’ असं लिहून वर्णन जोडायचं. एचएसची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहायचं. सध्या २०२२ ची चालू आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून येते. त्या दिवशी जुन्या निवेदनांतले बरेच कोड सरकतील, त्यामुळे तुलनेचा तक्ता आतापासून करून ठेवला तर पुढची धावपळ टळेल.

आठ रकाने

कलम ५ प्रमाणे नवा परवाना किंवा त्यातला बदल प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत डब्ल्यूटीओच्या आयात परवाना समितीला कळवायचा असतो. त्यात काय काय हवं ते करारातच आहे: मालाची यादी, माहितीसाठी संपर्क, अर्ज घेणारी कार्यालयं, नियम कुठे आणि कधी छापला, परवाना आपोआप मिळणारा की विचार करून दिला जाणारा, पहिल्या प्रकारात प्रशासकीय उद्देश, दुसऱ्या प्रकारात त्यामागचा मूळ उपाय, आणि शेवटी अपेक्षित मुदत.

संपर्काच्या रकान्यात ‘वाणिज्य मंत्रालय, राजधानीचे शहर’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. विभागाचं नाव, पदनाम, कार्यालयाचा ईमेल आणि दूरध्वनी द्या. व्यक्तीचं नाव नको, बदली झाली की ते निरुपयोगी होतं. निवेदन पाठवण्याआधी त्या ईमेलवर स्वतः एक प्रश्न पाठवून पाहा. उत्तर आलं नाही तर पत्ता बदला.

आपोआप मिळणारा की विचार करून दिला जाणारा, हे लिहिताना स्वतःला खरं उत्तर द्या. पूर्ण भरलेला प्रत्येक अर्ज मंजूर होतो का? कामाच्या १० दिवसांच्या आत होतो का? माल कस्टम्समधून सोडवण्याआधी कोणत्याही कामाच्या दिवशी अर्ज करता येतो का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच परवाना पहिल्या प्रकारचा. जहाज लागण्याच्या इतके दिवस आधीच अर्ज केला पाहिजे अशी अट असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या प्रकारात जो आधी येईल त्याला आधी, अशी पद्धत असेल तर निर्णय ३० दिवसांत आणि सगळे अर्ज एकत्र बघायचे असतील तर ६० दिवसांत व्हायला हवा. ती मर्यादाही निवेदनात लिहावी. अर्जदाराला मग कधी विचारणा करायची ते कळतं.

उद्देशाच्या रकान्यात ‘राष्ट्रीय हित’ किंवा ‘आयातीचे नियमन’ लिहून भागत नाही. परवाना हे साधन आहे, त्याच्यामागे काय राबवलं जातंय ते सांगायचं: अमुक इतक्या टनांचा कोटा, अमुक आंतरराष्ट्रीय करारातलं रसायन, अमुक रोगापासून बचाव. भारताने ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची आणि मूग-उडीद मिळून ३ लाख टनांची मर्यादा घातली होती. अशा वेळी कोट्याचा आकडा, अर्जाची सुरुवातीची व शेवटची तारीख आणि वाटपाची पद्धत हे सगळं जाहीर करणं करारानेच बंधनकारक केलं आहे. अर्जाला शेवटची तारीख असेल तर अर्ज करायला किमान २१ दिवस मिळाले पाहिजेत.

मुदतीचा रकाना सगळ्यात जास्त वेळा कोरा राहतो, किंवा त्यात ‘पुढील आदेशापर्यंत’ पडतं. करार असं म्हणतो की मुदतीचा अंदाज देता येत नसेल तर का देता येत नाही ते लिहा. ‘खरिपाच्या उत्पादनाचा अंदाज आल्यावर फेरविचार होईल’ एवढं एक वाक्यसुद्धा परदेशातल्या शेतकऱ्याला पेरणीचा निर्णय घ्यायला पुरतं. आणि परवाना उठवला की तेही कळवा. वर सांगितलेल्या डाळी १५ मे २०२१ रोजी पुन्हा ‘फ्री’ झाल्या. चांगली बातमी कळवायची राहून जाते आणि जुनं निवेदन वर्षानुवर्षं खरं समजलं जातं.

तारखांचा हिशेब

कलम १ सांगतं की नियम शक्य तिथे अंमलापूर्वी २१ दिवस आणि कोणत्याही परिस्थितीत अंमलाच्या दिवसापर्यंत प्रसिद्ध व्हावा. ‘शक्य तिथे’ या पळवाटेचा उपयोग सगळेच देश करतात. त्याचं काय होतं ते आपण जवळून पाहिलं आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी डीजीएफटीने ८४७१ या शीर्षकातले लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन संगणक, अगदी लहान आकाराचे संगणक आणि सर्व्हर ‘रिस्ट्रिक्टेड’ केले, तत्काळ अंमलासह. दुसऱ्याच दिवशी नवी अधिसूचना काढून ३१ ऑक्टोबरपर्यंत सवलत द्यावी लागली. १९ ऑक्टोबरला ऑनलाइन ऑथोरायझेशनची, म्हणजे आयातीची परवानगी घेण्याची, व्यवस्था जाहीर झाली. हाच क्रम उलटा असता, आधी व्यवस्था, मग २१ दिवस, मग अंमल, तर त्या एका रात्रीत जगभरच्या कंपन्यांना आपली मागणी कुठवर आली आहे ते शोधत बसावं लागलं नसतं.

मसुद्याबरोबरच तीन तारखा लिहून ठेवा: छापण्याची, अंमलाची आणि निवेदनाची शेवटची, म्हणजे छापल्यापासून साठावा दिवस. वाटेत असलेल्या मालाचं काय, तेही त्याच कागदावर हवं. आपल्या विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये निर्बंध येण्याआधीच्या बिल ऑफ लेडिंगच्या (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीच्या) मालाला आणि आधीच उघडलेल्या इर्रिव्होकेबल एलसीच्या (बँकेच्या रद्द न करता येणाऱ्या पतपत्राच्या) मालाला अटींसह संरक्षण आहे. ही चांगली तरतूद आहे. ती निवेदनात लिहिली नाही तर परदेशी पुरवठादाराला ती कळणार कशी?

वार्षिक प्रश्नावली

कलम ७ प्रमाणे दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत एक प्रश्नावली भरून पाठवायची असते. पद्धतीची रूपरेषा, उद्देश आणि व्याप्ती, अर्जाची प्रक्रिया, अर्ज कोण करू शकतो, कागदपत्रं, परवान्याच्या अटी, परकीय चलनासारख्या इतर गोष्टी असे तिचे भाग आहेत.

तिच्यात मुख्य दोष नकलेचा. गेल्या वर्षीचं उत्तर चिकटवायचं आणि तारीख बदलायची. त्यापेक्षा गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून प्रत्येक वाक्यासमोर ‘आजही खरं’, ‘बदललं’, ‘माहीत नाही’ अशी खूण करा. ‘माहीत नाही’ आलं की संबंधित खात्याकडे जा. सगळ्या मालाला मिळून एकच उत्तर देण्याचा मोहही टाळा. औषध आणि स्फोटक यांची प्रक्रिया एक असूच शकत नाही, प्रत्येक व्यवस्थेला स्वतंत्र उत्तरं द्या. आपल्याकडे हे काम नेमकं चतुर्थीच्या दिवसांत येतं, तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला हात घातलेला बरा.

इतर निवेदनांशी ताडून पाहा

एकाच नियमाचे धागे बऱ्याच ठिकाणी जातात. संख्यात्मक निर्बंधांची यादी २०१२ च्या निर्णयानुसार दर दोन वर्षांनी स्वतंत्रपणे द्यायची असते. अन्नसुरक्षेचे आणि तांत्रिक मानकांचे नियम आणखी वेगळ्या समित्यांकडे जातात. चारही ठिकाणची माहिती शेजारी ठेवली की विसंगती आपोआप दिसते: एका ठिकाणी कोटा आहे असं लिहिलंय आणि परवान्याच्या निवेदनात त्याचा पत्ताच नाही.

काजूचं उदाहरण गोव्यात सगळ्यांच्या ओळखीचं. जून २०१९ मध्ये अख्ख्या काजूगराला किलोमागे ७२० रुपये आणि तुकड्याला ६८० रुपये अशी किमान आयात किंमत ठरवण्यात आली. त्याहून स्वस्त माल आणायला बंदी, वरचा मुक्त. सुपारीसाठीही फेब्रुवारी २०२३ मध्ये किलोला ३५१ रुपयांची अशीच मर्यादा आली. इथे कोणाकडे अर्ज करायचा नाही, म्हणून परवान्याच्या निवेदनात हे बसत नाही. पण बंदी आहे, तेव्हा माझ्या मते त्याची जागा संख्यात्मक निर्बंधांच्या यादीत आहे. असा एखादा उपाय दोन्ही समित्यांच्या मधल्या फटीत हरवू नये, यासाठीच ताडणी करायची.

गोव्यातून काय करता येईल

निवेदन सुधारतं ते वाचणाऱ्यांनी प्रश्न विचारल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये विदेश व्यापार धोरणात परिच्छेद १.०७ए आणि १.०७बी घालण्यात आले. धोरण ठरवताना वा बदलताना संबंधितांचं म्हणणं मागवण्याची व्यवस्था त्यांत आहे. पणजी-वास्कोतल्या व्यापारी संघटनांनी ती वापरली पाहिजे. मसुदा आला की त्यात वरचे आठ रकाने भरता येतात का ते बघा. जो रकाना भरता येत नाही, त्याबद्दलच सूचना पाठवा. ‘नियम अन्यायकारक आहे’ या पत्रापेक्षा ‘अर्ज कोणत्या कार्यालयाकडे करायचा हे मसुद्यात नाही’ या पत्राला लवकर उत्तर येतं.

कस्टम्स ब्रोकरने अडकलेल्या प्रत्येक मालाची एक ओळ नोंदवावी: आठ आकडी कोड, अधिसूचनेची तारीख, बिल ऑफ लेडिंगची तारीख, अर्जाची तारीख, निर्णयाची तारीख, आणि नाकारलं असेल तर कारणाचे शब्द जसेच्या तसे. करार म्हणतो की कागदातल्या किरकोळ चुकीसाठी अर्ज नाकारू नये, आणि वजनात वा किमतीत थोडा फरक पडला म्हणून परवाना असलेला माल अडवू नये. अशी प्रकरणं तारखांसह एकत्र आली, तर संघटनेला ती डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयापुढे पुराव्यानिशी ठेवता येतात.

निर्यातदाराने माल पाठवण्यापूर्वी डब्ल्यूटीओच्या कागदपत्रांच्या साठ्यात ‘जी/एलआयसी/एन’ (G/LIC/N) या मालिका पाहाव्यात: १ मध्ये कायदे आणि प्रसिद्धीची ठिकाणं, २ मध्ये नवे परवाने व बदल, ३ मध्ये वार्षिक प्रश्नावलीची उत्तरं. आपल्याकडून मागितला जाणारा परवाना त्या देशाच्या निवेदनांत सापडलाच नाही, तर वाणिज्य विभागाच्या ट्रेड पॉलिसी डिव्हिजनला लिहा. भारत तो प्रश्न समितीत मांडू शकतो, आणि तरीही त्या देशाने कळवलं नाही तर कलम ५ च्या आधारे भारत स्वतः त्या देशाचा नियम समितीला कळवू शकतो. पत्रासोबत त्या देशाच्या राजपत्राची प्रत, मालाचा कोड, परवाना मागणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि माल अडवल्याचा लेखी कागद जोडा. तोंडी ऐकलेल्या तक्रारीवर जिनिव्हात कोणी प्रश्न विचारत नाही.